‘असूनही’ की ‘असल्यामुळे’? : एका निवाड्यातील शब्दार्थविचार

लसीमुळे इजा झालेल्या बालकांना भरपाई मिळावी म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसने १९८६ साली एक अधिनियम संमत केला. उत्पादकाची चूक सिद्ध करण्याचा भार त्याने अर्जदारावरून काढून घेतला. कोष्टकात नमूद केलेली इजा नमूद केलेल्या मुदतीत दिसली, की लस हेच तिचे कारण असे गृहीत धरावयाचे. भरपाईचा पैसा लसीच्या मात्रेवर, ती ज्या ज्या रोगावर असेल त्या प्रत्येकामागे ७५ सेंट, अशा करातून येतो. ही व्यवस्था उदार आहे यात शंका नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय मात्र त्याच अधिनियमाच्या २२ व्या कलमातील एक वाक्य व त्यावरील २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निवाडा हा आहे.

त्या वाक्याचा आशय मराठीत असा मांडता येईल : लस योग्य प्रकारे तयार केलेली आणि योग्य सूचना व इशारे यांसह दिलेली असूनही जे दुष्परिणाम अटळ होते, त्यांपासून जर इजा वा मृत्यू उद्भवला असेल, तर उत्पादक दिवाणी दाव्यात जबाबदार राहणार नाही. ‘असूनही’च्या जागी मूळ इंग्रजीत ‘ईव्हन दो’ हे शब्द आहेत. सारा वाद त्यांच्यापाशी येऊन थांबतो.

प्रकरण असे. घटसर्प, डांग्या खोकला व धनुर्वात यांची त्रिगुणी लस १९९२ मध्ये दिल्यानंतर एका अर्भकास आकडी येऊ लागली. पालकांनी १९९५ च्या एप्रिलमध्ये भरपाईसाठी अर्ज केला. पण त्याच्या एकच महिना आधी आकडीचा विकार त्या लसीपुढील कोष्टकातून वगळला गेला होता. अर्ज फेटाळला गेला. तेव्हा लसीच्या रचनेतच दोष होता, याहून निर्धोक रचना शक्य होती, असा दावा त्यांनी वायेथ या कंपनीविरुद्ध लावला. तोही सहा विरुद्ध दोन अशा मतांनी बुडाला.

बहुमताचा निर्णय न्या. स्कालिया यांचा. लसीची सिद्धता व इशारे योग्य असतील, तर उरलेले सर्व दुष्परिणाम, रचनादोषाचे धरून, अटळच मानावयाचे, असे ते म्हणतात. व्याकरणाच्या अंगाने हे मला पटत नाही. ‘छत्री असूनही भिजणे अटळ होते’ या वाक्यात छत्री ही भिजण्याच्या अटळपणाची खूण नव्हे. उलट छत्री असता सहसा भिजणे टळते, या अपेक्षेला ते वाक्य छेद देते. भिजणे खरोखरच अटळ होते काय, हा प्रश्न शिल्लक राहतोच : पाऊस केवढा होता, आडोसा होता की नव्हता? बहुमताच्या वाचनात हा प्रश्न नाहीसा होतो, कारण तेथे ‘असूनही’चा अर्थ वस्तुतः ‘असल्यामुळे’ असा होतो. (आपल्या शालेय व्याकरणांतही ‘जर-तर’ व ‘जरी-तरी’ संकेतबोधक या एकाच सदरात बसविलेले आढळतात, तेव्हा अमेरिकन न्यायमूर्तींना फार हसण्याचे कारण नाही.)

तथापि स्कालियांचे म्हणणे निराधार नाही. ‘औषध वेळेवर दिले असूनही मृत्यू अटळ होता’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणती दक्षता अपेक्षित होती हेही सुचवितो. शिवाय निराळी रचना मोजावयाची ठरविली, तर कोणताच दुष्परिणाम अटळ उरणार नाही, हा त्यांचा युक्तिवाद तीक्ष्ण आहे. परंतु ही सूचना प्रसंगातून निघते, अव्ययातून नव्हे. आणि आपल्या अर्थाने वाक्याचा मधला भाग अनावश्यक ठरतो, हा आक्षेप त्यांनी स्वतःच मान्य केला आहे. मजकूर अधिक संक्षेपाने लिहिता आला असता, एवढ्यावरून त्याचा अर्थ बदलत नाही, इतकेच त्यांचे उत्तर. ज्या वाक्यावर एका कुटुंबाचा न्यायालयाचा मार्ग बंद होतो, त्यातील ‘अटळ’ हा मुख्य शब्दच काही काम करीनासा होतो, याला केवळ विस्ताराचा दोष म्हणता येत नाही.

न्या. सोतोमायोर यांच्या भिन्नमतात ‘अटळ’ला काम मिळते. मात्र खर्च व उपयुक्तता न बिघडविता दुसरी रचना शक्य नसणे, ही जी कसोटी त्या लावतात ती कलमाच्या शब्दांत नाही. ती त्यांनी १९६५ च्या अपकृत्य-विधीच्या संहितेवरील एका टिप्पणीतून व काँग्रेसच्या समितीच्या अहवालातून घेतली. त्या टिप्पणीत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावरील पाश्चरच्या लसीचे उदाहरण आहे, म्हणून ती येथे अगदीच परकी नाही. पण व्याकरणाने जिंकलेली बाजू पुढे व्याकरणाबाहेरच लढावी लागली, हे खरे.

या सर्वांत न्या. ब्रेयर यांचे छोटे सहमतीपत्र मला अधिक प्रामाणिक वाटते. केवळ शब्दार्थापुरता प्रश्न अटीतटीचा आहे, असे सांगून ते अधिनियमाचा हेतू व समितीचा अहवाल यांकडे वळतात आणि बहुमतास जाऊन मिळतात. त्यांचा निष्कर्ष वाचकास पटो वा न पटो. आपला कौल ‘ईव्हन दो’वर उभा नाही, हे मात्र त्यांनी लपविलेले नाही.