‘प्रभुभोजन’ : जालना मिशनच्या इतिहासातील एक शब्द

मिशनरी कुटुंबे परमुलखातील चर्चजीवनाशी कशी समरस झाली, हे सांगणारे लेखन बहुधा हवापाणी आणि नोकरचाकर यांतच घुटमळते. जालन्याचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांच्या चरित्राला ही चौकट लावणे मुळातच चूक होय. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे हे मिशनरी जन्माने ब्राह्मण. मराठी मुलूख त्यांना परका नव्हता. परका होता तो चर्चचा आचार.

१८४३ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. धाकटा भाऊ श्रीपत न्यायालयाच्या आदेशाने पित्याकडे परतला; परंतु मिशनऱ्यांच्या घरचे अन्न घेतल्यामुळे त्याला जातीत घेण्यावरून मुंबईत वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या बाजूने उभे राहिले. वादाचे मूळ श्रद्धेपेक्षा ताटात अधिक होते.

जालन्याजवळ शेषाद्रींनी वसविलेल्या बेथेलकडे या दृष्टीने पाहावे. तेथील मंडळीत भरणा मुख्यतः मांग-महारांचा. ‘पाळक’, ‘उपासना’ हे शब्द मराठी चर्चने सहज पचविले. ‘प्रभुभोजन’ मात्र तसा निरुपद्रवी नाही. विधीत वाट्याला येतो तो भाकरीचा तुकडा नि एक घोट. तथापि ‘भोजन’ म्हणताच मराठी कानाला पंक्ती ऐकू येते, आणि पंक्तीबरोबर पंक्तिभेदही. जो घास श्रीपतला जातीबाहेर ठेवू पाहत होता, तोच येथे मंडळीत येण्याची खूण ठरला.

१८७३ साली शेषाद्री न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले. तेथे कौतुक झाले ते, अर्थातच, त्यांच्या पागोट्याचे.