'आम्ही' आणि 'आपण' : मराठी ख्रिस्ती लेखनातील ऐक्याचा प्रश्न

उत्तमपुरुषाच्या अनेकवचनासाठी मराठीत दोन सर्वनामे आहेत, ही गोष्ट व्याकरणाच्या पुस्तकात एका ओळीत सांगून संपते. 'आम्ही' म्हणणारा श्रोत्याला वगळतो. 'आपण' म्हणणारा त्याला सामावून घेतो. संस्कृतात 'वयम्' एकच, प्रमाण हिंदीत 'हम' एकच. तेलुगूत मात्र 'मेमु' आणि 'मनमु' असा भेद आहे, आणि मराठीतील भेद द्राविडी भाषांच्या सान्निध्यातून दृढ झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. 'आपण' हा शब्द स्वतः 'आत्मन्'पासून आलेला आहे. म्हणजे 'स्वतः' या अर्थाचा शब्द 'तू आणि मी मिळून' या अर्थापर्यंत पोहोचला. हा प्रवास व्याकरणापुरता मर्यादित राहत नाही. ज्या समाजाला एकाच वेळी दोन समूहांशी 'आपण' या नात्याने बोलावे लागते, त्याच्या वाङ्मयात हा भेद वारंवार अडचणीचा ठरतो. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाज हे त्याचे ठळक उदाहरण होय.

अडचणीचा प्रारंभ शास्त्रवचनाच्या भाषांतरापासूनच होतो. नव्या कराराच्या ग्रीक भाषेत समावेशक आणि व्यावर्तक असा भेद नाही. पौल जेव्हा 'हेमेइस' म्हणतो, तेव्हा त्यात वाचक धरले आहेत की केवळ प्रेषित, हे प्रत्येक ठिकाणी संदर्भावरून ठरवावे लागते. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात देवाने माणसांशी केलेल्या समेटाचा विषय आहे. समेट झाला तो सर्वांशी, म्हणून तेथे 'आपण' हवे. परंतु समेटाची सेवा सोपवली ती कोणाकडे? प्रेषितांकडे म्हटले तर 'आम्ही', साऱ्या मंडळीकडे म्हटले तर 'आपण'. ग्रीक वा इंग्रजी वाचकाला ही निवड न करता पुढे जाता येते. मराठी भाषांतरकाराला ती मुभा नाही. समेटाविषयीच्याच वाक्यात कोण आत आणि कोण बाहेर याचा निर्णय त्याला द्यावा लागतो.

हीच गोष्ट नियतकालिकांच्या बाबतीत अधिक स्पष्ट होते. १८४२ साली अहमदनगरला सुरू झालेले 'ज्ञानोदय' इंग्रजी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघत असे. १९१२पासून त्याच्या मराठी विभागाचे संपादन नारायण वामन टिळकांकडे आले. एकाच पत्राच्या इंग्रजी स्तंभातील अनेकवचन अमेरिकन मिशनरी आणि मराठी ख्रिस्ती या दोघांनाही कवेत घेऊ शकत होते; किंबहुना कोणाला घेतले आहे हे न सांगण्याची सोय त्यात होती. मराठी पानावर ती सोय नव्हती. हिंदुस्थानच्या राजकीय आकांक्षांविषयी लिहिताना संपादकाने 'आपण' म्हटले की त्यात शेजारचा हिंदू वाचक येणार आणि परदेशी धर्मबंधू बहुधा बाहेर राहणार. उपासनेविषयी लिहिताना 'आपण' म्हटले की नेमके उलट होणार. राजकीय मतभेदाने मंडळी दुभंगते असे आपण सहज म्हणतो. खरे पाहता दुभंगलेले असते ते हे सर्वनाम. मतभेद केवळ ते उघडे करतो.

टिळकांच्या काव्याचे मूल्यमापन करताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही. त्यांची देशभक्तीपर कविता आणि त्यांची भजने यांचा विचार बहुधा वेगवेगळ्या प्रकरणांत केला जातो. परंतु दोन्ही एकाच लेखणीतून उतरल्या, आणि दोहोंचे 'आपण' वेगळे आहे. भजनात टिळकांनी यातून जी वाट काढली ती त्यांना संतांनी दिलेली होती. अभंगाचा स्वाभाविक पुरुष एकवचनी आहे : मी आणि तू, दास आणि स्वामी. येथे समूहाची व्याख्याच करावी लागत नाही. गाताना शंभर मुखे 'मी' म्हणतात आणि त्या 'मी'मध्ये कोणालाही शिरता येते, मग तो सरकारनिष्ठ असो वा स्वराज्यवादी. त्यांची भजने पंथोपपंथांच्या सीमा ओलांडून गायली गेली याचे श्रेय चालींना आणि प्रसादाला दिले जाते, ते योग्यच आहे; पण एकवचनाचा वाटाही लहान नाही. मात्र येथेच त्या काव्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. या एकवचनाने ऐक्य साधते ते वाद टाळून. गाणे संपून सभा सुरू झाली की प्रश्न जिथल्या तिथे असतो.

टिळकांना हे उमगले नव्हते असे म्हणता येणार नाही. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगारी संबंध सोडला आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावयाचे होते. दोन 'आपण' एकमेकांवर बसवण्याचा हा प्रयत्न होता. ९ मे १९१९ रोजी टिळक निवर्तले आणि दरबार मूळ धरू शकला नाही. तो टिकला असता तर काय झाले असते हा तर्क निष्फळ आहे. पण त्यांच्या वाङ्मयाच्या अभ्यासात त्या योजनेला तळटीपेची जागा मिळावी, हे काही ठीक नव्हे.

पुढील पिढीत तोच प्रश्न वाङ्मयातून आचरणात उतरला. जे. सी. विन्स्लो यांनी १९२२ साली स्थापन केलेल्या ख्रिस्त सेवा संघात १९२७ साली व्हेरियर एल्विन दाखल झाले. १९३० साली त्यांनी ख्रिस्त आणि सत्याग्रह यांची सांगड घालणारे पुस्तक लिहिले, आणि थोड्याच काळात संघाशी त्यांचे पटेनासे झाले. शामराव हिवाळे यांच्यासह ते मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेले. तो भाग नागपूरच्या बिशपांच्या अधिकारातील. बिशप अॅलेक्स वुड यांनी धर्मकार्याच्या परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ आवश्यक मानली. एल्विन यांनी ती नाकारली. १९३५ साली त्यांनी चर्चच सोडले. या प्रकरणात बिशपांना खलनायक ठरवण्याची प्रथा आहे, ती सोपी आहे. वुड यांच्या दृष्टीने प्रश्न मंडळीच्या शिस्तीचा होता, एल्विन यांच्या दृष्टीने सदसद्विवेकाचा. दोघांचा प्रभू एक, प्रार्थनापुस्तक एक. शपथेतील राजा मात्र एकाच्याच 'आपण'मध्ये बसत होता. ऐक्य तुटले ते श्रद्धेच्या कोणत्याही कलमावरून नव्हे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण स्वातंत्र्योत्तर काळातील आहे, आणि ते वऱ्हाडाच्या अगदी दारातले आहे. मंगरूळपीर १९५४ साली अकोला जिल्ह्यात आणि म्हणून मध्य प्रदेश राज्यात होते. (वाशीम जिल्हा झाला तो १९९८ साली.) त्या वर्षी मध्य प्रदेश सरकारने निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. समितीत एक ख्रिस्ती सदस्य होते : एस. के. जॉर्ज. कायदेभंगाला पाठिंबा दिल्यामुळे १९३२ साली कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजमधील अध्यापकपद सोडलेले, १९३९ साली गांधीजींनी ख्रिस्ती धर्मापुढे टाकलेल्या आव्हानावर ग्रंथ लिहिलेले हे गृहस्थ. ख्रिस्ती समाजातून त्यांच्या प्रातिनिधिकतेवर हरकत घेतली गेली. रोमन कॅथलिकांच्या वतीने समितीविरुद्ध नागपूर उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. जॉर्ज यांनी 'आपण' म्हटले तर ते कोणाच्या वतीने, हाच खरा वादाचा मुद्दा होता. त्यांनी एका 'आपण'साठी एकदा नोकरी सोडली होती. आता त्याच निष्ठेपायी दुसऱ्या 'आपण'ला ते मुकले.

१९५६ सालच्या अहवालातील एक शिफारस भाषिक दृष्टीने विशेष विचारणीय आहे. भारतातील चर्चांनी परकीय आधारावाचून एक स्वतंत्र, संयुक्त ख्रिस्ती चर्च स्थापावे, असे समितीने सुचवले. सूचना तत्त्वतः वावगी नव्हती. उत्तर भारतातील ऐक्याच्या वाटाघाटी चर्चांनी स्वतःच १९२९पासून चालवल्या होत्या. पण 'आपण एक होऊ या' आणि 'तुम्ही एक व्हा' या दोन वाक्यांतील अंतर केवळ पुरुषाचे नाही. पहिले आमंत्रण आहे, दुसरे निकालपत्र. ज्या कागदात निष्ठेची तपासणी आहे त्याच कागदात ऐक्याचा उपदेश आल्यामुळे, ज्यांना तो मुळात मान्य होता त्यांनाही तो परका वाटला असल्यास नवल नाही. जॉर्ज यांची सही त्या सूचनेला 'आपण'चे रूप देऊ शकत होती. परंतु तसे होण्यासाठी आधी त्यांना ऐकून घेणारी मंडळी हवी होती.

ऐक्य झाले ते पुढे, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. सहा चर्चपरंपरा मिळून उत्तर भारताचे चर्च स्थापन झाले. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिले. वऱ्हाडात तर या ऐक्याची व्याप्ती तोकडीच राहिली, कारण येथे मिशनांनी प्रदेश वाटून घेतले होते : वाशीम–बुलढाण्याकडे नाझरीन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट, अकोल्याकडे अलायन्स. या मंडळ्या त्या ऐक्यात नव्हत्या. १९५३ साली यवतमाळला निघालेली आणि १९८३ साली पुण्यास गेलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी हे या भागातील एकत्र येण्याचे निराळे उदाहरण आहे; तेथे संघटना वेगळ्या राहिल्या आणि अध्ययन एक झाले.

जाता जाता मंगरूळपीर या नावाकडेही पाहावे. विदर्भात मंगरूळ अनेक आहेत. मंगरूळ दस्तगीरपासून हे मंगरूळ वेगळे ओळखायचे तर हयात कलंदरांच्या दर्ग्याचा 'पीर' जोडावा लागतो. गावाची ओळख पटवणारा शब्द दर्ग्याचा, आणि तो उच्चारणारे बहुसंख्य त्या पंथाचे नव्हेत. वऱ्हाडी बोलीतही 'आमी' आणि 'आपन' हा भेद पक्का आहे; दोघांच्या वाटच्या गोष्टीला 'आमची' म्हटले तर ऐकणारा लगेच टोकतो. 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातील टिळकांची भजने ऐक्यात गेलेल्या आणि न गेलेल्या अशा दोन्ही मंडळ्या गातात. दोन्हीकडे चाल तीच असते. त्यानंतर देशासाठी प्रार्थना होते तेव्हा कोणते सर्वनाम वापरले जाते, याची नोंद घेण्याचे काम मराठी भाषाभ्यासकांपुढे आहे.