नेट चालू झालं, म्हणजे सेटिंग बरोबर आहे का?

संशोधनाची तयारी करणारे विद्यार्थी एक प्रश्न नेहमी विचारतात: "उपकरण हाताळायचा सराव करायचा कुठे? कॉलेजात तर मशीनला हातसुद्धा लावू देत नाहीत." तर एक उपकरण बहुतेकांच्या घरी किंवा रूमवर भिंतीला टांगलेलं असतं. त्यात डझनावारी सेटिंग्ज असतात, काही मोजता येतं, काही बदलता येतं, आणि त्याच्यासोबत एक माहितीपत्रकही येतं. ते उपकरण म्हणजे ब्रॉडबँडचा राउटर.

आज या राउटरच्या सेटिंगच्या पानाची आणि त्या माहितीपत्रकाची समीक्षा करायची आहे. शोधनिबंधाची करतो तशीच. कोणत्या एका कंपनीबद्दल मी बोलत नाही, कारण खोका कुणाचाही असो, पानं साधारण सारखीच असतात. पत्रकही सारखंच: तार इथे लावा, ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका, नाव-पासवर्ड भरा, 'सेव्ह' दाबा, हिरवा दिवा लागला की झालं. माझा मुख्य आक्षेप या शेवटच्या वाक्यावर आहे. पण तिथे पोचण्याआधी थोडी पार्श्वभूमी बघू.

राउटरच्या दोन बाजू

राउटरला दोन बाजू असतात. बाहेरची बाजू म्हणजे वॅन: कंपनीकडून फायबर येते ती. आतली बाजू म्हणजे लॅन: तुमचा मोबाईल, लॅपटॉप, टीव्ही.

चाळीचं उदाहरण घ्या. खोली नंबर ५ प्रत्येक चाळीत असते, आणि त्यात काही अडचण नाही, कारण पोस्टमन चाळीचा पत्ता बघून येतो आणि पुढचं आतले लोक बघतात. इंटरनेटवर तसंच आहे. १९९६ साली आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट फक्त अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ ने सुरू होणारे. म्हणून तुमच्याकडेही १९२.१६८.१.५ असू शकतो आणि शेजाऱ्यांकडेही. आतल्या पत्त्यांचं बाहेरच्या एका पत्त्यात रूपांतर करायचं काम राउटर करतो. त्याला नॅट म्हणतात. एवढं डोक्यात ठेवून पान उघडा.

पहिला आक्षेप: सक्तीचं आणि मर्जीचं एकाच रांगेत

वॅनच्या पानावर जोडणीचा प्रकार विचारतात: पीपीपीओई, डायनॅमिक की स्टॅटिक. शिवाय व्हीलॅन आयडी, युजरनेम, पासवर्ड. यात तुमच्या मर्जीचा प्रश्नच नाही. पलीकडे कंपनीने जे ठरवलंय तेच इथे लिहायचं, नाहीतर जोडणी होणार नाही.

लॅनच्या पानावर राउटरचा आतला पत्ता, सबनेट मास्क आणि डीएचसीपीची रेंज असते. हे जवळजवळ पूर्ण तुमच्या हातात आहे. पण दोन्ही पानं दिसायला सारखी. तेच पांढरे चौकोन, तेच 'सेव्ह'चं बटण. कोणता आकडा तथ्य आहे आणि कोणता निवड, हे पान सांगतच नाही. मग एक तर माणूस सगळ्यालाच घाबरतो, नाहीतर सगळंच बदलून बघतो.

तुम्हाला याचा थेट फटका बसू शकतो. समजा घरून व्हीपीएन लावून संस्थेच्या सर्व्हरवर जायचंय. तुमच्या प्रयोगशाळेतही पत्ते १९२.१६८.१ चेच आहेत आणि सर्व्हर १९२.१६८.१.५० वर आहे. लॅपटॉपला वाटतं, हा तर घरातलाच पत्ता. मग तो सर्व्हरला घरातच शोधतो, आणि तो अर्थातच सापडत नाही. व्हीपीएन 'कनेक्टेड' दाखवतं, सर्व्हर मात्र उघडत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे घरच्या लॅनचा पत्ता बदलून १९२.१६८.७३.१ असा काहीतरी कमी वापरातला घ्यायचा आणि डीएचसीपीची रेंजही त्याच गटात आहे ना ते बघायचं. (यानंतर सेटिंगचं पानही नव्या पत्त्यावर उघडतं, हे लक्षात ठेवा.) हे मुभा असलेलं सेटिंग आहे एवढं पानाने सांगितलं असतं, तर किती जणांचे तास वाचले असते!

दुसरा आक्षेप: एकक नाही, कारणही नाही

'लीज टाइम: ८६४००.' कसले ८६४००? सेकंद. म्हणजे २४ तास. राउटर प्रत्येक यंत्राला आतला पत्ता कायमचा देत नाही, ठरावीक मुदतीसाठी देतो. ही ती मुदत. कित्येक राउटरच्या पानांवर एकक लिहिलेलंच नसतं. बारावीच्या जर्नलमध्ये एकक न लिहिता आकडा दिला तर सर वही परत देतात!

'एमटीयू: १४९२.' हा विचित्र आकडा आला कुठून? इथरनेटच्या एका फ्रेममध्ये १५०० बाइट माहिती मावते. पीपीपीओई स्वतःच्या शीर्षकासाठी त्यातले ८ बाइट घेतं. उरले १४९२. एका ओळीचं स्पष्टीकरण आहे. ते कळलं की हा आकडा पाठ करावा लागत नाही, आणि पीपीपीओई नसलेल्या जोडणीवर तो कशाला लिहायचा, हा प्रश्न आपोआप पडतो.

कारण न देणाऱ्या पानामुळे आणखी एक गोष्ट होते. ती रिकामी जागा ऐकीव सल्ले भरून काढतात. 'डीएनएसमध्ये ८.८.८.८ टाका, स्पीड वाढेल' हा त्यातला सगळ्यात लाडका सल्ला. डीएनएसचं काम नावाचा आकडी पत्ता शोधून देणं. संथ डीएनएस बदलला तर पान उघडायला सुरुवात लवकर होऊ शकते, पण तुमचा ४० एमबीपीएसचा प्लॅन १०० चा होत नाही. हा दावा तपासायला दहा मिनिटं पुरतात: बदलाआधी पाच वेळा मोजा, बदलानंतर पाच वेळा मोजा. आणि मोजताना लॅपटॉप तारेने जोडा. वाय-फायवर मोजलंत तर फायबरचा वेग आणि तुमच्या भिंतींची जाडी एकत्रच मोजली जाईल.

तिसरा आणि मुख्य आक्षेप: चुकीची कसोटी

'हिरवा दिवा लागला की झालं.' रिसर्च मेथडॉलॉजीच्या भाषेत सांगायचं तर, बरोबर आणि चूक दोन्ही परिस्थितींत 'पास' असंच उत्तर देणारी चाचणी ही चाचणीच नव्हे. नेट चालू असणं हे असंच उत्तर आहे. नेट चालू असतानाही पुढच्या गोष्टी बिघडलेल्या असू शकतात.

एक, पासवर्ड. वाय-फायचा पासवर्ड वेगळा आणि सेटिंगच्या पानाचा वेगळा. पहिला आपण बदलतो, दुसरा कंपनीतून आला तसाच राहतो. २०१६ साली 'मिराई' या मालवेअरने असे साठेक ठरावीक नाव-पासवर्ड वापरून जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला डिन या डीएनएस कंपनीवर झालेल्या हल्ल्यात अशी उपकरणं वापरली गेली, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा कित्येकांना तासन्‌तास मिळेनाशा झाल्या. आपला कॅमेरा यात सामील आहे हे मालकाला कळणार तरी कसं? त्याचं नेट तर चालूच होतं.

दोन, डब्ल्यूपीएस. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन वाय-फाय जोडायची सोय. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता वाटतात. पण शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन अर्धे वेगवेगळे तपासतो. म्हणून १०,००० अधिक १,०००, म्हणजे फक्त ११,००० प्रयत्न पुरतात. हे २०११ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं. पिनची सोय चालू असेल तर बंद करा.

तीन, नॅटवर नॅट. स्टेटसच्या पानावर वॅनचा पत्ता बघा आणि 'माझा आयपी काय' सांगणाऱ्या एखाद्या साइटवर दिसणारा आयपीव्ही४ पत्ता बघा. दोन्ही सारखे नसतील तर मध्ये आणखी एक नॅट आहे. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीनेच अनेक ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवलंय. २०१२ साली हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला गेला. अशा वेळी 'पोर्ट फॉरवर्डिंग'चं पान कितीही भरा, आयपीव्ही४ वरून बाहेरचं कुणी आत येणार नाही. पान मात्र हसतमुखाने 'सेव्ह झालं' म्हणतं.

चार, बदलते पत्ते. आमच्याच विभागातल्या एका मित्राने गच्चीवर तापमानाचा सेन्सर लावला होता. सेन्सर दर दहा मिनिटांनी लॅपटॉपच्या आतल्या पत्त्यावर आकडा पाठवायचा. एका रात्री वीज गेली, राउटर पुन्हा चालू झाला, लॅपटॉपला नवा पत्ता मिळाला. सेन्सर जुन्याच पत्त्यावर आकडे पाठवत राहिला. नेट व्यवस्थित चालू होतं, म्हणून कुणाला शंका आली नाही. अकरा दिवसांच्या नोंदी गेल्या, आणि मे महिन्यातले ते अकरा दिवस काही परत येत नाहीत. लॅपटॉपसाठी पत्ता राखून ठेवायची सोय डीएचसीपीच्या पानावर होती. ती कशासाठी आहे, हे तिथे लिहिलेलं नव्हतं.

दुसरी बाजूही बघू

कुणी म्हणेल, सामान्य ग्राहकाला एवढं कशाला? मुद्दा रास्त आहे. आधीच भरून दिलेल्या आकड्यांमुळेच, ज्यांनी आयपी हा शब्द ऐकलेला नाही त्यांच्याकडेही नेट चालतं. हे श्रेय त्या पानाला द्यायलाच हवं. जोडणी करायला येणाऱ्या मुलालाही दिवसभरात अनेक घरं करायची असतात. त्याने व्याख्यान द्यावं अशी अपेक्षा नाही.

पण चौकोनाशेजारी 'हे कंपनी सांगेल', 'हे तुम्ही ठरवा', 'सेकंदांत' असं लिहायला जागा कितीशी लागते? आणि बदल होत नाही असंही नाही. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून, इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या घरगुती उपकरणांना सरसकट एकच पासवर्ड देऊन विकायला कायद्याने बंदी आहे.

मग करायचं काय?

एक वही घ्या. प्रत्येक सेटिंगसाठी चार रकाने: आत्ताचा आकडा, तो कुणी ठरवला (कंपनी, मी की कारखाना), तो कशासाठी, आणि तो चुकला असेल तर मला कसं कळेल. बदल करण्याआधी पानाचा फोटो काढा आणि 'बॅकअप'ची सोय असेल तर फाइल उतरवून ठेवा. एका वेळी एकच बदल. वॅनच्या पानावरचं कंपनीला विचारल्याशिवाय बदलू नका. राउटर घरमालकाचा किंवा हॉस्टेलचा असेल तर आधी परवानगी घ्या. वही मात्र परवानगीशिवायही भरता येते.

चौथा रकाना भरायला सगळ्यात जड जाईल, आणि पुढे प्रयोगशाळेत तोच लागतो. तिथल्या मशीनमध्ये आणि विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्येही आकडे आधीच भरलेले असतात. 'डिफॉल्ट सेटिंग्ज वापरली' असं एक वाक्य कित्येक शोधनिबंधांत सापडतं. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की डिफॉल्टही बदलू शकतं, आणि मग त्या वाक्यावरून प्रयोग पुन्हा करता येत नाही. तिथेही आलेख निघतो, फाइल सेव्ह होते, हिरवा दिवा लागतो. मौखिक परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक "हा आकडा का घेतला?" असं विचारतात, तेव्हा "मशीनमध्ये होता" हे उत्तर चालत नाही.