वहीत शब्द, गळ्यात चाल

कोकणात घाण्यावर तेल काढणाऱ्या आणि शब्बाथला, म्हणजे शनिवारी, घाणा बंद ठेवणाऱ्या आपल्या बेने इस्रायली ज्यूंना गाववाले ‘शनवार तेली’ म्हणत. १९४८ नंतर या समाजातले बहुतेक लोक इस्रायलला आले आणि अश्दोद, लोद, रामला, बीरशेबा, दिमोना इथे वसले. त्यांच्याबरोबर मराठी कीर्तनही आले.

या कीर्तनाची सुरुवात मुंबईत १८८०च्या सुमारास झाली. हिंदू हरिदासांची कीर्तने ऐकून आपल्या मंडळींनी तोच बाज उचलला आणि साकी, दिंडी, आर्या, अभंगांत अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे रचली. तेफिल्ला, म्हणजे प्रार्थना, हिब्रूत पाठ होती, पण अर्थ थोड्यांनाच उमगे. मिसरमधून सुटकेची कथा सांगणारा पेसाख सणाचा ग्रंथ, हगादा, १८४६ साली मुंबईत मराठी अर्थासह छापला गेला तो याच गरजेपोटी. जे हगाद्याने वाचणाऱ्यांसाठी केले, ते कीर्तनाने ऐकणाऱ्यांसाठी केले.

पुढे इस्रायलमध्ये याच समाजाच्या ज्यूपणाविषयी शंका घेतली गेली. १९६४ साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे स्पष्ट केले. त्या कडू वर्षांतही ज्यांना मिसरमधून सुटकेची कथा मराठीत तोंडपाठ होती, त्यांना आपण कोण हे कुणी सांगण्याची गरज नव्हती.

पूर्वी कीर्तनकार बहुधा पुरुष असत. इथे इस्रायलमध्ये कीर्तनातली ही गाणी जपली ती मुख्यत: आपल्या आज्या, आया आणि मावश्यांनी. दिवसभर काम करून त्या एकत्र जमल्या, पदांच्या वह्या उतरवून घेतल्या, पेटी-तबल्यावर तालीम केली. घरात मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळांचे ताट मांडून एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण, असो की लग्नाची मेंदी, त्यांची गाणी तिथे असतातच. या बायांचे ऋण समाजाने मोठ्या आवाजात मान्य केले पाहिजे.

आता एक काम आपले. वहीत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या जुन्या नाट्यपदाचे नाव असते. ते पद ज्यांना येत नाही, त्यांच्या हाती नुसते शब्द उरतात. हिब्रूत वाढलेली नातवंडे देवनागरी वाचू शकत नाहीत, पण ऐकून गाऊ शकतात. म्हणून घरातल्या थोरांना समोर बसवून त्यांची पदे ध्वनिमुद्रित करा, शब्द हिब्रू लिपीत लिहून घ्या आणि पुढच्या मलिद्याला एक पद मुलांकडून म्हणवून घ्या.