म्हातारी स्टेम सेल ‘तरुण’ होते म्हणजे नेमकं काय होतं?

स्टेम सेलवर संशोधन करायचं मनात असेल, तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राचा (एनसीसीएस) एक पेपर नीट वाचा. रोहन कुलकर्णी, ललिता लिमये, वैजयंती काळे आणि सहकाऱ्यांचा हा पेपर ‘स्टेम सेल्स’ या जर्नलच्या 2018 च्या अंकात आहे. काम उंदरांवरचं आणि चांगलं आहे. आक्षेप आहे तो त्यातल्या एका शब्दावर.

आधी पार्श्वभूमी. रक्तातल्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूलपेशी, म्हणजे एचएससी, बोन मॅरोमध्ये राहतात. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या काळ्या उंदरांत वयाबरोबर त्यांची संख्या उलट वाढते, पण दुसऱ्या शरीरात रुजण्याची ताकद घटते. माणसांत हा प्रश्न घरापर्यंत येतो. साठीतल्या रुग्णाचा जुळणारा भाऊही बहुधा त्याच वयाच्या आसपासचा असतो.

पेपरचा दावा असा: म्हाताऱ्या एचएससी तरुण उंदराच्या एमएससींसोबत (बोन मॅरोमधल्या आधार देणाऱ्या पेशी) थोडा वेळ ठेवल्या, तर त्यांची क्षमता परत येते. एमएससी मायक्रोव्हेसिकल नावाच्या बारीक पिशव्या सोडतात, आणि त्यांतून ऑटोफॅजीशी संबंधित एमआरएनए एचएससीत पोचतात. ऑटोफॅजी म्हणजे पेशीने आपलाच जुना, खराब माल मोडीत काढणं.

इथे वाचताना सावध राहायचं. पिशवी पेशीत शिरलेली दिसली म्हणजे काम तिनेच केलं असं होत नाही. जोतिबाहून आलेल्या माणसाची गळाभेट घेतली की आपल्याही सदऱ्याला गुलाल लागतो. भेट झाली एवढं त्यावरून कळतं. भेटीत काय बोलणं झालं ते कळत नाही.

पेपरची ताकद पुढच्या पायरीत आहे. वय वाढलं की एमएससींमध्ये एकेटी हा सिग्नल चढतो. मग त्यांच्या मायक्रोव्हेसिकलमधले ऑटोफॅजीचे एमआरएनए कमी होतात आणि एक्झोसोममध्ये ऑटोफॅजी दाबणारे दोन मायक्रोआरएनए जमतात. लेखकांनी म्हाताऱ्या एमएससींमध्ये एकेटी रोखलं, तर चित्र उलटलं. प्रत्यारोपणात या ‘सुधारलेल्या’ मायक्रोव्हेसिकल तरुण पेशींच्या मायक्रोव्हेसिकलपेक्षाही सरस ठरल्या. नुसता सहसंबंध दाखवून न थांबता हस्तक्षेप करून बघणं, हे शिकण्यासारखं आहे. तरी एकेटी रोखल्यावर पेशीत एकाच वेळी बरंच काही बदलतं, एवढं लक्षात ठेवून आकृत्या बघा.

ऑटोफॅजीच्या मुद्द्याला बाहेरूनही आधार आहे. 2017 साली ‘नेचर’मध्ये एमान्युएल पासगे यांच्या गटाने दाखवलं, की म्हाताऱ्या उंदरांतल्या साधारण एक तृतीयांश एचएससींत ऑटोफॅजी जास्त असते आणि त्याच पेशी चांगलं काम करतात.

आता तो शब्द: ‘रिजुव्हनेशन’, म्हणजे तारुण्य परत येणं. प्रत्यारोपणाचा प्रयोग क्षमता मोजतो. वयाच्या खुणा मात्र अनेक असतात आणि त्या सगळ्या ऑटोफॅजीने पुसल्या जात नाहीत. 2014 च्या मोठ्या अभ्यासांत 65 वर्षांपुढच्या साधारण 10 टक्के लोकांच्या रक्तात म्युटेशन असलेले क्लोन सापडले, बहुतेकदा डीएनएमटी3ए, टीईटी2 अशा जीन्समध्ये. असे क्लोन दात्याकडून रुग्णाच्या शरीरात जाऊन रुजू शकतात. मग वयस्क दात्याच्या पेशींची रुजण्याची ताकद वाढवताना आपण नेमकं कुणाला बळ देतोय? चांगल्या पेशींना की त्या क्लोनलाही? हा प्रश्न माणसाच्या पेशींवरच सुटणार.

म्हणून या पद्धतीने दात्यांची संख्या वाढू शकेल, हा पेपरमधला निष्कर्ष मला घाईचा वाटतो. यंत्रणेचा भाग मात्र भक्कम आहे. जर्नल क्लबला हा पेपर घेतलात तर ‘रिजुव्हनेशन’ दिसेल तिथे ‘रुजण्याची क्षमता परत आली’ असं लिहून पुन्हा वाचा. बहुतेक वाक्यं टिकतात. जी टिकत नाहीत त्यांवर खूण करा. तुमच्या रिसर्च प्रपोजलचा प्रश्न तिथे मिळायची शक्यता आहे.