थोरला वाय, धाकटा वाय

इंग्रजीचा आणि माझा संसार शाळेपासून कुरबुरीचाच. त्यात ते 'कॅपिटल' आणि 'स्मॉल'चं सोवळं-ओवळं मला कधीच झेपलं नाही. त्यापायी मास्तरांनी कान पिळला, तेवढ्यावर भागलं असं समजून होतो. पण साठी उलटल्यावर त्याच अक्षरांनी मावशीचे पन्नास हजार रुपये अडवले.

झालं असं, की 30 डिसेंबर 2024 रोजी मावशीने पतसंस्थेत वर्षाच्या मुदतीने पैसे ठेवले. वर्ष भरल्या दिवशी, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून, आम्ही पावती घेऊन हजर! काउंटरवरच्या गृहस्थांनी पावती पाहिली, कॉम्प्युटर पाहिला आणि म्हणाले, "आजी, हे पैसे तुम्ही आजच ठेवलेत. मुदत पुढच्या वर्षी संपेल." पावतीवर खरंच 30/12/2025 होतं. मोतीबिंदूवाल्या बाईला ते वर्षभर दिसलं नाही, हे एकवेळ समजू शकतं. मला दिसलं नाही, याला काय म्हणावं!

मावशी मात्र पक्की कोकणातली. शांतपणे म्हणाली, "मग आज ज्यांनी पैसे भरले त्यांची पावती दाखवा बघू." दाखवली. 30/12/2026!

प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलाला बोलावणं गेलं. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला मास्तर आठवले. म्हणे, जावा नावाच्या भाषेत तारीख कशी छापायची ते अक्षरांनी सांगतात. थोरला एम म्हणजे महिना, धाकटा एम म्हणजे मिनिटं. धाकटा डी म्हणजे महिन्यातली तारीख, थोरला डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. म्हणजे 1 फेब्रुवारीला 32 तारीख! धाकटा वाय म्हणजे आपलं साधं साल, आणि थोरला वाय म्हणजे आठवड्यांचं साल. डिसेंबरअखेरचा आठवडा नव्या वर्षाचा पहिला धरला, की तारीख जुनी आणि साल नवं. एरवी वर्षभर दोघे वाय एकच उत्तर देतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बरं, ही रीत घरोघर निराळी. मायएसक्यूएलमध्ये धाकटा एम महिन्याचा आकडा देतो, थोरला नाव देतो, आणि मिनिटं बिचारी 'आय'च्या आश्रयाला. ओरॅकलमध्ये महिना थोरल्या एमने मागा की धाकट्या, आकडा तोच.

आता ऐट आपणही मारू नये. आपल्या लिपीत अक्षरांना थोरलं-धाकटं नाही, पण 'दिन'चा 'दीन' व्हायला एक वेलांटी पुरते. फरक इतकाच, की आपली चूक वाचून कुणीतरी निदान हसतं. माझी तक्रार त्या मुलाविरुद्ध नाही. ज्याने महिना आणि मिनिट एकाच अक्षरावर टांगले, त्याच्याविरुद्ध आहे. त्यातून हे यंत्र चुकीच्या अक्षरालाही हूं की चूं न करता उत्तर देतं. कुठे अडलं असतं तर मावशीची पावती त्याच दिवशी सुधारली असती.

मुलाने चार थोरले वाय पुसून चार धाकटे बसवले. अर्धं मिनिट लागलं. डेटाबेसात शिरलेल्या चुकीच्या तारखा हुडकायला मात्र अख्खी संध्याकाळ गेली. पैसे तीन दिवसांनी मिळाले. सोबतचा कागद मावशीने मला वाचायला दिला, आणि मग शेजारच्या बाईंकडून पुन्हा वाचून घेतला.