‘कॅशलेस’ म्हणजे नक्की किती? रोगॉफ यांचं पुस्तक वाचताना

माझ्या पीएचडी प्रस्तावाचं पहिलं शीर्षक होतं, ‘कॅशलेस अर्थव्यवस्था : फायदे व तोटे’. गाईडनी कागद परत केला आणि दोनच प्रश्न विचारले : कॅशलेस म्हणजे किती? आणि फायदे कोणाचे? उत्तर काही देता आलं नाही. मग ज्या पुस्तकाचा संदर्भ मी न वाचताच टाकला होता, ते निमूटपणे वाचायला घेतलं : केनेथ रोगॉफ यांचं ‘द कर्स ऑफ कॅश’ (२०१६).

रोगॉफ हार्वर्डचे प्राध्यापक, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ. आपल्याकडच्या बऱ्याच प्रबंधांत त्यांना ‘कॅशलेसचे समर्थक’ म्हणून एका ओळीत उरकतात. पुस्तकात मात्र तसं नाही. रोकड पूर्ण बंद करा असं ते म्हणतच नाहीत. मोठ्या नोटा हळूहळू, दहा-पंधरा वर्षांत काढून घ्या, लहान नोटा आणि नाणी राहू द्या, आणि गरिबांना मोफत खाती द्या, असा त्यांचा प्रस्ताव आहे. तोही मुख्यतः प्रगत देशांसाठी. म्हणजे ‘रोकडविरहित’ नव्हे, ‘कमी रोकड’. या एका शब्दाच्या फरकावर तुमचं अख्खं गृहीतक उभं राहतं किंवा पडतं.

पुस्तकाची ताकद त्याच्या पहिल्या प्रश्नात आहे. अमेरिकेत माणशी सुमारे ४,२०० डॉलरची रोकड चलनात होती, त्यातली बहुतांश १०० डॉलरच्या नोटांत. सामान्य माणसाच्या पाकिटात तर एवढे पैसे दिसत नाहीत. मग त्या नोटा आहेत कुठे? काही परदेशात, उरलेल्यांतल्या बऱ्याच करचुकवेगिरीत आणि गुन्हेगारीत, असं उत्तर ते देतात. प्रश्न बिनतोड आहे, पण उत्तर काढायची पद्धत वजाबाकीची आहे. ज्याचा हिशेब लागत नाही ते काळ्या व्यवहारात, असं धरलं की अडचणीला घरात ठेवलेली साधी बचतही त्याच खात्यात जमा होण्याचा धोका असतो. लपवलेली गोष्ट थेट मोजता येत नाही हे मान्य. तरी अंदाजाला अंदाजच म्हणायला हवं.

दुसरी अडचण रचनेची. पुस्तकाचा एक भाग करचुकवेगिरीवर आणि दुसरा उणे व्याजदरांवर आहे. लोक नोटा घरी साठवू शकतात, म्हणून मध्यवर्ती बँकेला व्याजदर शून्याच्या फार खाली नेता येत नाहीत, हा तो दुसरा मुद्दा. पहिला पटला म्हणजे दुसरा पटलाच असं नाही. हे दोन वेगळे दावे आहेत आणि त्यांना पुरावेही वेगळे लागतील.

आता आपल्याकडे या. ८ नोव्हेंबर २०१६ ला ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या, म्हणजे मूल्याने सुमारे ८६ टक्के चलन. पुढे रिझर्व्ह बँकेच्या अहवालानुसार त्यातलं ९९.३ टक्के परत आलं. ‘म्हणजे रोगॉफ खोटे ठरले’ असं लिहायचा मोह होतो. थांबा. त्यांनी सावकाश म्हटलं होतं, इथे एका रात्रीत झालं; त्यांनी मोठ्या नोटा काढा म्हटलं होतं, इथे २००० ची आली. त्यामुळे ही त्यांच्या प्रस्तावाची चाचणीच नव्हे. आणि पैसे बँकेत आले म्हणजे ते सगळे पांढरे होते, असंही सिद्ध होत नाही.

नोटबंदीचा परिणाम कसा मोजावा, हे पाहायचं असेल तर शोडोरो-राइश, गीता गोपीनाथ, प्राची मिश्रा आणि अभिनव नारायणन यांचा २०२० चा निबंध वाचा. नव्या नोटा सगळ्या जिल्ह्यांत सारख्या पोहोचल्या नाहीत, हीच गोष्ट त्यांनी तुलनेसाठी वापरली. रात्रीच्या दिव्यांचा उपग्रह डेटा, रोजगार, कर्जं असं सगळं जुळवून त्यांनी दाखवलं की जिथे टंचाई जास्त तिथे व्यवहार जास्त मंदावले, आणि डिजिटल पेमेंटही तिथेच वेगाने वाढलं. त्या तिमाहीत वाढीचा दर किमान २ टक्के बिंदूंनी घटला, असा त्यांचा अंदाज. लक्षात ठेवा : जिल्ह्यांच्या तुलनेतून फक्त सापेक्ष फरक कळतो. देशाच्या आकड्यापर्यंत जायला मॉडेल लागतं, आणि त्यांनी ते उघडपणे मांडलंय.

आणखी एक सापळा. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयने महिन्याला १,००० कोटी व्यवहार ओलांडले. तरी चलनातली रोकड नोटबंदीपूर्वीच्या सुमारे १८ लाख कोटींवरून मार्च २०२४ पर्यंत ३५ लाख कोटींच्या घरात गेली. ‘रोकड दुप्पट झाली!’ असं लिहाल तर परीक्षक पहिलाच बाण मारतील, कारण जीडीपीशी तिचं प्रमाण तेव्हाही १२ टक्क्यांच्या आसपास होतं आणि आताही जवळपास तेवढंच आहे. चहाचे पैसे देणं आणि अडीअडचणीसाठी पैसे ठेवणं ही दोन कामं आहेत. यूपीआयने पहिलं घेतलं, दुसरं नाही. स्वीडनमध्ये दुकानातली रोकड जवळपास संपत आली, तरी २०२१ पासून मोठ्या बँकांवर रोकड सेवा देण्याचं कायदेशीर बंधन आहे. संकटात यंत्रणा बंद पडली तर काय, ही काळजी तिथेही आहे.

पुस्तकात मला सर्वांत जास्त खटकलं ते मात्र आठवडी बाजारात कळलं. एका भाजीवाल्या मावशींच्या टोपलीला क्यूआर कोड लावलेला होता. मी उत्साहाने विचारलं, "सोयीचं पडतं ना?" त्या म्हणाल्या, "गिऱ्हाइकाला पडतं बाबा. पैसं पोराच्या खात्यात जात्यात. मला लागलं की त्याच्याकडं मागायचं." माझ्या प्रश्नावलीत या उत्तराला रकानाच नव्हता. ‘डिजिटल पेमेंट स्वीकारता का? होय/नाही’ यात त्या ‘होय’ ठरल्या असत्या. गरिबांना मोफत खातं द्या म्हणजे प्रश्न सुटला, असं रोगॉफ धरून चालतात. पण खातं असणं आणि पैसा हातात असणं यात अंतर आहे.

एका बाईंवरून निष्कर्ष काढता येत नाही, प्रश्न मात्र काढता येतो. माझं नवं शीर्षक तिथूनच आलं : ‘क्यूआर कोड कोणाच्या खात्याला जोडलेला आहे?’ गाईडनी या वेळी कागद ठेवून घेतला.